खुनी कोण ते इन्साफला सांगू नका

इन्साफबाईंना खुनी तिसऱ्या भागात सापडायचा. पोलिसांना तो तिसाव्या भागात सापडे, कारण रमजानच्या मालिकेचे भागच तीस असतात आणि त्याआधी बेड्या पडल्या तर निर्मात्याचं दिवाळं वाजेल. इन्साफबाईंवर असलं काही बंधन नव्हतं. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, तोफ झाली, रोजा सुटला, सूप-भात आटोपला की त्या कतायफ या पाकातल्या मिठाईचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायच्या. तिसऱ्या दिवशी पाकाची बोटं पुसून शांतपणे उठायच्या, स्वयंपाकघरात जाऊन डक्टची खिडकी उघडायच्या आणि खणखणीत आवाजात जाहीर करायच्या, "फुलवाला नाही गं, न्यायाधीश आहे!"

शुब्रा वस्तीतल्या त्या सहा मजली इमारतीत सगळ्यांची स्वयंपाकघरं त्या एकाच डक्टवर उघडत. त्यामुळे उरलेला महिनाभर मालिका बघायची ती इन्साफबाई कशा बरोबर ठरतात एवढंच बघायला. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर लबीब हे धर्माने ख्रिस्ती. रोजे धरत नसत, पण रमजानची एकही मालिका सोडत नसत. ते तिसऱ्या दिवशी खिडकी घट्ट लावून फटींत टॉवेल कोंबायचे. तरी खुनी त्यांना बेसिनच्या पाइपातून ऐकू यायचाच.

या सगळ्याचा खरा त्रास उस्ताज फिक्रींना होता. उस्ताज फिक्री, म्हणजे आपल्याकडचे फिक्रीसाहेब, हे इन्साफबाईंचे यजमान. शहराच्या सांडपाणी खात्यात ते फार वरच्या जागेवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून, निवृत्त झाले होते. खात्यात त्यांच्या शब्दाला मान होता असं ते सांगत आणि ते खोटं ठरवायला खात्यातलं कोणी घरी येत नसे. पण मालिकेतला खुनी त्यांना आयुष्यात एकदाही ओळखता आला नव्हता. ज्याच्यावर त्यांनी बोट ठेवावं, तो पुढच्याच भागात मरून पडलेला असायचा. त्यांच्या संशयाने माणूस दगावतो असं इमारतीत म्हणत.

गेल्या रमजानात तर कहर झाला. इफ्तारला डॉक्टर लबीब आले होते, चौथ्या मजल्यावरच्या मदाम सुरय्या आल्या होत्या, आणि सगळ्यांदेखत उस्ताज फिक्रींनी फुलवाल्यावर पैज मारली. फुलवाला निघाला पोलिसांचाच माणूस. मदाम सुरय्या इतक्या हसल्या की त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

"अहो, असू दे," इन्साफबाई म्हणाल्या, "सगळ्यांना कुठे जमतं?"

ही सहानुभूती मात्र उस्ताज फिक्रींना फार लागली. ते ताडकन उठले, आणि उठताना मांडीवरचं ताट पडलं हे धरूनही म्हणायला हवं, की ते बऱ्यापैकी रुबाबात उठले.

"पुढच्या रमजानची मालिका मी लिहिणार. एकामागून एक खून करणारा माणूस आणि त्याच्यामागे लागलेला गुप्तहेर. आणि खुनी असा, की इन्साफ, तुला तीस भाग ओळखता येणार नाही!"

"मला एक अक्षर सांगायचं नाही मात्र," इन्साफबाई म्हणाल्या. "ओळखीन तर माझी मी ओळखीन." खेळाच्या बाबतीत बाई फार कडक होत्या.

उस्ताज फिक्री रोज सकाळी कोपऱ्यावरच्या कॉफीगृहात जाऊन लिहू लागले. खुनी त्यांनी दातांचा डॉक्टर ठरवला, कारण त्याच आठवड्यात त्यांची दाढ काढली गेली होती आणि लेखकाने अनुभवातून लिहावं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. प्रत्येक खुनाच्या जागी चहाचा एक ग्लास सापडतो आणि त्यावर नीट बशी झाकलेली असते, अशी एक खूण त्यांनी टाकली. ती कुठून सुचली ते त्यांना सांगता आलं नसतं. अंगावर काटा आणणारी वाटली, म्हणून ठेवली.

लेखन गुप्त ठेवायचं ठरलं होतं, म्हणजे ते इमारतीत सगळ्यांना ठाऊक झालं. इद्रिस दरवान दारातल्या बाकावरून उठून म्हणाला, "उस्ताज, एक विनंती. प्रत्येक मालिकेत पहिला खून दरवानाचाच होतो. माझी आई गावी मालिका बघते आणि रडते. या वेळी तरी आमच्यातला एक शेवटपर्यंत जगवा."

"जगवतो."

"आणि त्याचं लग्न होऊ दे."

मदाम सुरय्यांचा सल्ला असा, की मेलेल्या बायकांच्या अंगावर चांगले कपडे असावेत. या बाई रोज सकाळी आपला गालिचा नेमका उस्ताज फिक्रींच्या वाळत घातलेल्या शर्टांवर झटकायच्या, त्यामुळे उस्ताजांनी त्यांना मनातल्या मनात दोनदा मारून घेतलं होतं.

निर्माता मिळाला तो खात्याच्या ओळखीतून. हाज शिरबिनी पूर्वी न्हाणीघराच्या फरश्या विकायचे, आता मालिका काढायचे. त्यांचा ठरलेला लेखक रमजानच्या तोंडावर रुसून निघून गेला होता. नट ठरलेला, तारखा ठरलेल्या, कथा मात्र नाही. त्यांनी उस्ताज फिक्रींचं बाड हातात धरून वजन पाहिलं आणि म्हणाले, "जाड आहे. चालेल. फक्त सगळे खून न्हाणीघरात करा. माल पडून आहे."

गुप्तहेराचं काम करणारे मुहाब शाकिर हे मोठे नट. त्यांच्या अटीही मोठ्या. गुडघा दुखतो म्हणून ते धावणार नव्हते. गुप्तहेर कधी फसणार नव्हता, कारण प्रेक्षकांना ते आवडत नाही. आणि प्रत्येक प्रसंगात त्यांच्या हातात कॉफी हवी होती. तेव्हा इतका भयंकर खुनी शहरभर मोकाट सुटलेला असताना त्याला पकडायचं काम एका बसून राहणाऱ्या माणसाकडे आलं. "तो मनाने धावतो," असं हाज शिरबिनींनी लेखकाला समजावलं.

मग मंजुरीचं कार्यालय. तिथे मदाम सुहेर नावाच्या बाई टेबलावर वर्तमानपत्र पसरून वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"किती खून?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"बाई गं! एवढे कशाला? दोन पुरत नाहीत?"

"दोन झाले तर त्याला सीरियल किलर म्हणत नाहीत, मदाम."

"मग भांडण म्हणा."

बरीच घासाघीस झाली. शेवटी चार खून आणि एक गंभीर जखमी यावर तडजोड ठरली. खुनी गटाराच्या उघड्या झाकणातून पळतो, तो प्रसंग मदाम सुहेरनी कापला. शहरातली सगळी झाकणं जागेवर आहेत असं त्यांचं म्हणणं. उस्ताज फिक्रींनी सारी हयात त्या झाकणांत घालवली होती. ते वाटाण्यांकडे बघत राहिले.

रमजानचा चंद्र दिसला तेव्हा जेमतेम पहिले काही भाग तयार होते. बाकीचे दिवसा चित्रित करायचे आणि संध्याकाळी दाखवायचे. यात नवल काही नाही, सगळ्यांचं असंच चालतं. शेवटच्या भागाची शाई वाळायच्या आत तो लोकांच्या घरात पोचलेला असतो.

पहिल्या दिवशी इमारतीतल्या सगळ्या टीव्हींवर एकच मालिका लागली. मुहाब शाकिरांचा पहिला प्रसंग आखूड पडला होता, म्हणून आयत्या वेळी उस्ताज फिक्रींनी समोरच्या घरातल्या एका निरुपद्रवी गृहस्थाचा तुकडा घुसडला होता. निवृत्त कारकून, बाल्कनीत बसलेला, बायको फोनवर बोलतेय, तो तिच्या चहावर बशी झाकतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. एवढंच.

"हे मस्त आहे," इन्साफबाई म्हणाल्या आणि त्यांनी कतायफ तोंडात टाकलं. उस्ताज फिक्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिसऱ्या दिवशी त्या उठल्या. बोटं पुसली. स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला आणि उस्ताज फिक्रींनी डोळे मिटले.

"दातांचा डॉक्टर!"

संपलं. वर्षभराची मेहनत, दुखरी मान, कॉफीगृहातली अगणित कॉफी, सगळं पाण्यात. नवरा म्हणून हरायची त्यांना सवय होती, पण लेखक म्हणूनही हरावं हे फार झालं.

पण त्याच क्षणी डक्टमध्ये दुसरी एक खिडकी धाडकन उघडली. लिफ्ट बंद असल्यामुळे, आणि ती बंद असल्याचा कोणाला आता अचंबाही वाटत नसल्यामुळे, डॉक्टर लबीब जिना चढून गळ्यातला रुमाल न काढताच दारात उभे राहिले.

"उस्ताज फिक्री! इतकी वर्षं मी तुमच्या दाढा सांभाळल्या, त्याचं हे फळ? उद्या माझ्या खुर्चीत कोण तोंड उघडेल?"

"डॉक्टर, ते तुम्ही नव्हेत..."

"त्याच्या भिंतीवर माझंच घड्याळ आहे!"

ते होतंच. लेखकाने अनुभवातून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं निवेदन वर्तमानपत्रात आलं आणि हाज शिरबिनींचा फोन खणखणला. "डॉक्टरला निर्दोष करा. आजच्या आज. खुनी औषधवाला चालेल."

अशा रीतीने इन्साफबाईंचं बरोबर उत्तर आयुष्यात पहिल्यांदा चुकलं. उस्ताज फिक्रींनी त्या दिवशी आरशासमोर मिशीला पीळ दिला. पुढे इन्साफबाईंनी औषधवाला ओळखला, तर औषधवाल्यांचे वकील आले. त्यांनी भूगोलाचा मास्तर ओळखला, तर मास्तरांनी मोर्चा काढायची भाषा केली. दर वेळी बाई बरोबर असत आणि दर वेळी संध्याकाळपर्यंत चूक ठरत. खेळाच्या नियमाला धरून त्या मालिकेबद्दल वर्तमानपत्रात वाचत नसत की कोणाचं ऐकून घेत नसत, त्यामुळे यामागचं कारण त्यांना ठाऊकच नव्हतं. या देशात खून करायला मोकळा असा एकही धंदा नाही हे उस्ताज फिक्रींना हळूहळू कळत होतं, आणि सुरुवातीला त्याची मजाही वाटत होती.

मग मदाम सुरय्यांचा आवाज डक्टमधून येऊ लागला. "इन्साफ! आज कोण गं खुनी? आमचा बोका तर नाही ना? तो दुपारपासून गायब आहे!" वरून खालून हशा पिकायचा. इन्साफबाई हसून सोडून द्यायच्या. नंतर त्यांनी खिडकी उघडणं बंद केलं.

आणि एके दिवशी मुलूखिया झाली. या भाजीत वरून लसणाची फोडणी ओतताना बाईने 'हाऽ' करून जोरात श्वास आत ओढायचा असतो. तसा ओढला नाही तर चव येत नाही, हे शुब्रातल्या कुठल्याही पोराला विचारा. त्या दिवशी स्वयंपाकघरातून फोडणीचा चर्र आवाज आला, पण श्वासाचा आला नाही. भाजी पाणचट लागली. उस्ताज फिक्रींनी मुकाट्याने खाल्ली आणि त्यांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. बाईकडे दुसरी मिरवण्यासारखी गोष्ट ती कोणती होती? मुलगा हातिम कुवेतला, गुडघे कुरकुरणारे, आणि वर्षातून एकदा सगळी इमारत जिचं ऐकून गप्प होते अशी ही एक खिडकी. ती त्यांनी बंद पाडली होती.

"इन्साफ," ते म्हणाले, "तू काही चुकत नव्हतीस. त्याचं असं झालं की..."

"एक अक्षर नाही!" त्यांनी हात वर केला. "कीव नको मला. वय झालं, नजर गेली, एवढंच."

आता उस्ताज फिक्रींना जिंकायचं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की खुनी असा कोणीतरी निघावा, जो इन्साफला ओळखता येईल आणि ज्याची संघटना नसेल. नेमका त्याच वेळी हाज शिरबिनींचा फोन आला. शेवटचे भाग उरले होते आणि मालिकेत खुनी नव्हता.

"उद्या सकाळी मला खुनी हवा! बिनधंद्याचा! मुहाबसाहेब बेड्या हातात घेऊन बसलेत!"

डोकं धरून ते खाली उतरले. इद्रिस दरवानाने धावत येऊन त्यांच्या हातातली रिकामी पिशवीसुद्धा काढून घेतली. हेही गेले काही दिवस चाललं होतं. इद्रिस त्यांना बघून उठून उभा राहायचा. मदाम सुरय्या गालिचा दुसऱ्या बाजूला झटकायला लागल्या होत्या. डॉक्टर लबीब जिन्यात भिंतीला चिकटून वाट द्यायचे. उस्ताज फिक्रींनी हा सगळा मान आपल्या साहित्याच्या खात्यात जमा केला होता.

"इद्रिस," ते म्हणाले, "तुम्ही लोक मालिका बघता. खरं सांग, तुम्हाला खुनी कोण वाटतो?"

इद्रिसने इकडेतिकडे पाहिलं. "उस्ताज, चेष्टा करता का गरिबाची? सगळ्या इमारतीला पहिल्या आठवड्यातच कळलंय."

"काय कळलंय?"

"तो बाल्कनीतला म्हातारा. चहावर बशी झाकणारा. प्रत्येक मुडद्याजवळ बशी, आणि बशी झाकताना दाखवलाय तो एकटाच." त्याने आवाज खाली आणला. "आणि अशी बशी झाकणारा इमारतीत दुसरा आहे कोण? मदाम बाल्कनीत फोनवर बसल्या की तुम्हीच झाकता. खालून रोज दिसतं मला. डॉक्टर म्हणाले, शांत माणसाचंच काही सांगता येत नाही."

उस्ताज फिक्री जिन्याच्या पायरीवर बसले. स्वतःच्या मालिकेतला खुनीही त्यांना ओळखता आला नव्हता. सगळ्या इमारतीला आला होता.

"मग इन्साफला कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? त्यांनीच बजावलंय, एक अक्षर सांगायचं नाही म्हणून. आणि खरं सांगू का, उस्ताज, त्यांना कसं सांगायचं तेच कळेना."

मंजुरीच्या कार्यालयात मदाम सुहेरनी क्षणभर विचार केला. "निवृत्त कारकून? त्यांची संघटना आहे. पण कचेरी वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. तक्रार यायची नाही. मंजूर." उस्ताज फिक्रींच्या सगळ्या सेवेचा असा निकाल लागला. तो अपमान गिळून त्यांनी शेवटचे भाग एका बैठकीत लिहून काढले, आणि त्यात मोजे वाळत घालायच्या पद्धतीपासून मिशीच्या तेलापर्यंत जे जे आपलं ते सगळं घातलं. इन्साफला ओळखता यावं म्हणून. याहून सोपा खुनी जगात कोणी लिहिला नसेल.

पण इन्साफबाई शेवटच्या दिवसापर्यंत त्या गुप्तहेराच्या साहाय्यकावर संशय धरून बसल्या. "तो फार धावतो," त्या म्हणत.

शेवटच्या इफ्तारला गेल्या वर्षीचीच मंडळी जमली. ओव्हनमध्ये ईदची बिस्किटं भाजत होती, घरभर तुपाचा वास सुटला होता. मालिकेतल्या दरवानाचं लग्न लागलं तेव्हा दारात उभ्या असलेल्या इद्रिसने डोळे पुसले. मग मुहाब शाकिर कॉफीचा पेला ठेवून, गुडघा सांभाळत उठले, समोरच्या बाल्कनीत गेले आणि त्या निरुपद्रवी म्हाताऱ्याच्या हातात बेड्या घातल्या.

"हाऽ!" इन्साफबाईंनी श्वास आत ओढला. मुलूखियाला ओढतात अगदी तसा.

मदाम सुरय्यांनी तोंड उघडलं, उस्ताज फिक्रींकडे पाहिलं आणि मिटलं. डॉक्टर लबीबना अचानक एका रुग्णाची आठवण झाली. पाहुणे ईदच्या शुभेच्छा देत देत, उस्ताज फिक्रींकडे पाठ न करता बाहेर पडले.

दोघंच उरले. उस्ताज फिक्रींना या क्षणासाठी एक भाषण पाठ होतं. ते त्यांना आता नको झालं होतं.

"इन्साफ, मला वाटलं होतं तू ओळखशील. मी मुद्दाम सगळं घातलं होतं. मोजे, तेल, सगळं."

"ओळखलं की," त्या म्हणाल्या. "पहिल्याच भागात."

"खुनी?"

"खुनी कसला! तुम्हाला ओळखलं. त्याने बायकोच्या चहावर बशी झाकली तेव्हाच म्हटलं, हे आमचे हे. मग बाकी सगळ्यांवर संशय घेतला, त्याच्यावर घेतलाच नाही." त्यांनी टेबलावरचा आपला चहा पुढे ओढला. "प्रत्येक मुडद्याजवळ बशी दाखवायचे, आणि मला मेली तीच दिसायची नाही. बशी दिसली की खून नाही दिसत हो मला. तुम्ही दिसता."

उस्ताज फिक्रींनी खुर्ची बायकोजवळ सरकवली. पण माणसाला मान म्हणून काही असतो, आणि तो नेमका अशाच वेळी दुखावतो.

"म्हणजे," ते ताठ होत म्हणाले, "मी खून करू शकेन असं तुला वाटतच नाही? इमारतीत सगळ्यांना वाटतं. दरवान उठून उभा राहतो. डॉक्टर वाट देतो. आणि बायकोला मात्र..."

"तुम्ही?" इन्साफबाई म्हणाल्या आणि ओढणीच्या टोकाने डोळे टिपत हसायला लागल्या.

"हसू नकोस. मी चार माणसं मारली आहेत. एक गंभीर जख... इन्साफ! इन्साफ, झुरळ!"

बोलणारे गृहस्थ तोवर खुर्चीवर चढलेही होते. इन्साफबाईंनी पायातली चप्पल काढली आणि झुरळाच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या. एक फटका ऐकू आला. मग डक्टची खिडकी उघडल्याचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी.

"मदाम सुरय्या! डॉक्टर! ऐका हो सगळे!" त्यांचा खणखणीत आवाज सहा मजल्यांतून घुमला. "घाबरू नका! आमचे हे नव्हेत!"

खाली वर खिडक्या उघडल्या, हसण्याचा एकच कल्लोळ उठला आणि इन्साफबाई तिथेच गप्पा मारत उभ्या राहिल्या. आता त्या लवकर परतणार नव्हत्या. उस्ताज फिक्रींनी खुर्चीवरूनच वाकून टेबलावरची बशी उचलली आणि त्यांच्या चहावर झाकली.